पुन्हा पहिल्यापासून

सरांच्या धुक्याच्या गोष्टीची सुरुवात मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी धडाधडा म्हणून दाखवीन. शेवट मात्र एकदाच ऐकला. यात दोष कुणाचा असं विचाराल तर माझ्या मते सगळा सरांचा.

त्यांची सांगण्याची पद्धतच तशी होती. गोष्ट सांगताना त्यांना समोरून हुंकार लागे. दोन-तीन वाक्यं झाली की ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. ‘हं’ कानावर पडायला हवा. तो पडला नाही की सर थांबत, थोडी वाट बघत आणि मग ऐकणारा झोपला असं धरून चालत. समोरचा माणूस टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत असला तरी त्याने काही फरक पडत नसे. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जिथे सोडली तिथून नाही, अगदी पहिल्या वाक्यापासून. ‘तर काय झालं, त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्त करत होतो.’

हुंकाराचं मला नवल नव्हतं. आमच्या गावी, देवळ्याला, कांद्याच्या चाळीपाशी राखणीला बसलेली माणसं गोष्टी सांगत, तेव्हा त्यांच्यातला एक जण हुंकाराला धरलेला असे. हुंकार थांबला की सांगणारा एखादी शिवी हासडून गप्प बसे आणि सगळे झोपी जात. पण पहिल्यापासून सुरू करणारा माणूस मी सरांशिवाय दुसरा पाहिला नाही.

मी डिप्लोमा करून त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. सातपूरच्या कारखान्यांच्या मागे एक शांत कॉलनी होती, तिथे त्यांचं बैठं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत वर्कशॉप, मागच्या दोन खोल्यांत सर आणि काकू. वर्कशॉप आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिला गज नव्हते, फक्त निळ्या फुलांचा पडदा होता. अंगणात शेवग्याचं झाड होतं, आणि दुपारी त्याची सावली हळूहळू सरकत आमच्या कामाच्या टेबलावर येई. त्या घरात दुपार फार लांब असे. कारखान्यांचा भोंगा वाजे, मग सगळं पुन्हा गप्प होई, आणि कुठेतरी लांब कुणीतरी पत्रा ठोकत असे. आजही मला दुपारी डुलकी लागली की आधी तो पत्रा ऐकू येतो.

आम्ही तिथे विहिरीवरच्या पंपाचे कंट्रोलर बनवत होतो. म्हणजे वीज आली का, तिन्ही फेज नीट आहेत का, विहिरीत पाणी आहे का, एवढं बघून पंप आपोआप चालू करायचा आणि काही बिनसलं तर बंद करायचा. शेतकरी त्याला ‘डबी’ म्हणत. डबीत एक चिप, आणि त्या चिपमध्ये सरांनी लिहिलेला प्रोग्राम. दिंडोरीपासून विंचूरपर्यंत कितीतरी द्राक्षबागांत आणि कांद्याच्या शेतांत आमच्या डब्या टांगलेल्या होत्या. डबी बिघडली की शेतकरी ती पिशवीत घालून घेऊन येत, आणि डबी दुरुस्त होईपर्यंत सरांच्या गोष्टीत सापडत.

सर कुणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी देवळा. विंचूरचे एक बागायतदार विंचूर. पोस्टमन सिन्नर. आपल्याकडे माणसाला नावं ठेवतात, गाव मात्र त्याचं त्याचंच असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना स्वतःला सगळे ‘सर’ म्हणत. ते कधी कुठल्या शाळेत शिकवत होते असं मला तरी कळलं नाही.

त्यांच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर असे. लग्नाच्या मांडवात शिरताना ते आधी लोखंडी खांबाला टेस्टर लावून बघत आणि मगच वधूवरांना आशीर्वाद द्यायला जात. एकदा एका मांडवात टेस्टरचा दिवा पेटला, आणि त्या दिवशी त्यांच्यामुळे निदान दोन-चार वऱ्हाडी वाचले. तेव्हापासून त्यांना कुणी हसेना. बँकेत सही करायला त्यांनी टेस्टर पुढे केला ती हकिगत मात्र काकू सगळ्यांना सांगत.

आणि दुपारची झोप. जेवण झालं की सर कामाच्या टेबलावरच, ट्रान्सफॉर्मरवर उशी ठेवून आडवे होत. बिघाड जागेपणी सापडत नाही, अर्धवट झोपेत तो आपणहून जवळ येतो, असा त्यांचा अनुभव होता. एखादी डबी दोन दिवस आम्हाला रडवत असे, आणि सर झोपेतून अर्धे डोळे उघडून ‘डावीकडचा तिसरा पाय’ असं पुटपुटत. मी बघायची तर खरंच चिपच्या त्या पायाचा डाखाचा टाका सुटलेला असे. पण दर वेळी असं होत नसे. एकदा ते झोपेतच स्पष्ट म्हणाले, ‘जायफळ.’ मी दुपारभर डोकं खाजवलं, की जायफळ कुठल्या भागाला म्हणत असतील. संध्याकाळी काकूंनी श्रीखंड वाढलं तेव्हा उलगडा झाला.

नव्या चिपच्या बाबतीत त्यांचा एक रिवाज होता. खोक्यातून चिप काढली की तिच्याकडून आधी दुसरं कुठलंही काम घ्यायचं नाही. एक छोटा लाल दिवा जोडायचा आणि तो लुकलुकवायचा एवढुसा प्रोग्राम तिच्यात घालायचा. सर त्याला ‘डोळा उघडणं’ म्हणत. दिवा लुकलुकला म्हणजे चिप जिवंत, जोडणी बरोबर, वीज पोचतेय. मग पडद्याआडून चहा येई. तोवर चहा नाही. मी त्या घरी जितका चहा प्यायले तो सगळा कुठल्या ना कुठल्या लाल दिव्याच्या साक्षीने प्यायले.

आता काकूंचं सांगते. सरांचा हुंकार म्हणजे काकू. आम्ही कुणी समोर बसलेलो असलो तरी हुंकार यायचा तो पडद्याआडून. फोडणी तडतडत असो, कुकरची शिट्टी होत असो, काकूंचा ‘हं’ नेमक्या जागी पडे. फोनवर बहिणीशी बोलता बोलता त्या आमच्या बाजूला एक ‘हं’ टाकत, आणि पलीकडे बहिणीला वाटे की तो आपल्यासाठीच आहे. सरांच्या बाकी सगळ्या गोष्टी अशा शेवटापर्यंत पोचत. फक्त धुक्याची गोष्ट पोचत नसे.

ती गोष्ट अशी. सर तरुणपणी रेडिओ दुरुस्त करत. हरसूलच्या वर डोंगरातल्या एका पाड्याचा बॅटरीवरचा रेडिओ त्यांनी दुरुस्त केला होता आणि तो पोचवायला ते निघाले होते. श्रावण होता. बसने हरसूलपर्यंत गेले, तिथून रेडिओ डोक्यावर घेऊन पायी. वर चढल्यावर धुकं उतरलं. इतकं, की आपलेच पाय दिसेनात. पायवाट गेली. एका बाजूला दरी आहे एवढं माहीत होतं, कुठली बाजू ते कळेना. त्यांनी रेडिओ खडकावर ठेवला आणि लावून बघितला, निदान कुणी आवाज ऐकून येईल. रेडिओ नुसता खरखरला. मग त्यांनी जोरात हाक मारली. आणि धुक्यातून कुणीतरी ओ दिली.

इथे पडद्याआडचा हुंकार थांबे. हटकून इथेच. सर थांबत, पडद्याकडे बघत, वाट बघत. काही नाही. मग घसा खाकरून पुन्हा, ‘तर काय झालं, त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्त करत होतो.’ एकदा विंचूरच्या बागायतदारांनी ही सुरुवात लागोपाठ तीन-चारदा ऐकली आणि शेवटी हात जोडले. “सर, गोष्ट लय भारी हाय. पण ओ कोणी दिली तेवढं सांगून टाका ना, माझी येष्टी जाती.” तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की ओ देणारं कुणी का असेना, चहा गार होतोय. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि त्या सरांकडे मुळीच बघत नव्हत्या. मी काही इतकी खुळी नव्हते. ओ कुणी दिली हे मला त्या दिवशीच कळलं होतं. पण पुढे काय झालं ते कळलं नाही, कारण काकूंना पुढचं चारचौघांत सांगू द्यायचं नव्हतं, आणि त्यांचा हुंकार त्यांच्या हातात होता.

त्यांना एक मुलगी, बंगलोरला नोकरीला. हुशार, भराभर बोलणारी. लहानपणापासून ती बापाला ‘बाबा, मुद्द्याचं बोला’ असं म्हणत आली होती. तिला हुंकार द्यायला वेळ नव्हता. त्यामुळे तिनेही त्या गोष्टीचा शेवट ऐकलेला नव्हता, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

काकू गेल्या त्या दोन दिवसांच्या तापाने. घर इतकं गप्प झालं की पडदा वाऱ्याने हलला तरी आम्ही दोघं तिकडे बघायचो. सर कामाला बसत, पण त्यांचं लक्ष नसे. आणि गोष्टी. सवयीने ते एखादी गोष्ट सुरू करत. दोन वाक्यं झाली की थांबत, कान पडद्याकडे. मी ‘हं’ म्हणायची. मोठ्याने म्हणायची. पण तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. थोडी वाट बघून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, मग पुन्हा, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वेळी गोष्ट तशीच सोडून देऊन टाके लावू लागत. एवढं बोलणारा माणूस, आणि त्याची एक गोष्ट पुढे सरकत नव्हती. मला रडू येई आणि मी ते टाक्याच्या धुरावर ढकलत असे.

त्यातच आमची जुनी चिप बाजारातून गेली. मुंबईचा दुकानदार म्हणाला, आता ही येणार नाही, हिच्या जागी नवी घ्या. नवी म्हणजे वेगळ्याच घराण्यातली. प्रोग्राम तिच्यासाठी नव्याने लिहायला हवा होता. काकूंच्या वर्षश्राद्धाला मुलगी आली होती. ती म्हणाली, “बाबा, पुरे झालं आता. बंद करा हे, चला माझ्याकडे.” सर बराच वेळ त्या नव्या चिपकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आपला प्रोग्राम हिच्यावर चालला तर मी इथेच राहीन. नाही चालला तर दिवाळीला तुझ्याकडे येतो. कायमचा.” मुलगी हो म्हणाली. तिला वाटलं असावं की बाप थट्टा करतोय. मला माहीत होतं की नाही. आयुष्यभर या माणसाने सगळं असंच ठरवलं होतं, दिवा लागतो की नाही हे बघून.

प्रोग्राम मी लिहिला. सरांचा जुना समोर ठेवून ओळीला ओळ लावत गेले. त्यांनी शेजारी बसून बघितलं. रिवाजाप्रमाणे आधी दिवा जोडला. दिवा छान लुकलुकला. चहा मीच केला. मला वाटलं, झालं आपलं काम, सर कुठे जात नाहीत.

मग पूर्ण प्रोग्राम घातला. डबीच्या छोट्या पडद्यावर वर्कशॉपचं नाव आलं. त्याखाली ‘पाणी तपासत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. मी श्वास रोखून बसले. आणि पडदा कोरा होऊन पुन्हा वर्कशॉपचं नाव आलं. मग पाण्याची ओळ. मग कोरा. मग नाव. डबी नाव सांगे, पाण्यापर्यंत येई आणि परत फिरे. पंपापर्यंत ती एकदाही पोचली नाही.

आम्ही काय काय केलं ते आठवलं तरी दमायला होतं. वीज मध्येच दबत असेल म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलला. सातपूरच्या विजेवर विश्वास नको म्हणून ट्रकची बॅटरी आणून तिच्यावर चालवलं. टाके पुन्हा लावले, चिप बदलली, दुसरी बदलली. दर वेळी शंका आली की पुन्हा दिव्याचा प्रोग्राम घालून बघायचा. दर वेळी दिवा व्यवस्थित लुकलुके. म्हणजे चिप ठीक, जोडणी ठीक, वीज ठीक. मग दोष माझ्या प्रोग्राममध्ये. मी तो उलटा-सुलटा वाचला, छापून भिंतीवर लावला. गणपती गेले, नवरात्र बसलं आणि उठलं. डबी आपली नाव सांगत राहिली.

सर रागावले नाहीत, हेच मला सोसवेना. दुपारी आडवे होत, पण झोपेत काही पुटपुटत नसत. एक दिवस मी आले तर ते हत्यारं खोक्यात भरत होते. पकडी एका खोक्यात, स्क्रूड्रायव्हर दुसऱ्यात. मला सगळ्यांचा राग आला. चिपचा, बंगलोरचा, आणि हत्यारं इतकी नीट लावून भरणाऱ्या त्या माणसाचा. मी पकडी परत खिळ्यांना अडकवल्या. सरांनी त्या पुन्हा काढल्या नाहीत.

ऑक्टोबरच्या अशाच एका तापलेल्या दुपारी सर टेबलावर पडले होते. शेवग्याची सावली टेबलावर आली होती. लांब पत्रा वाजत होता. मी डबीसमोर हनुवटी टेकून बसले होते आणि मलाही पेंग येत होती. सर अर्धवट झोपेत बोलू लागले. त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्त करत होतो. हरसूलच्या वर एक पाडा होता. इथे ते थांबले. मी सुस्त होते, हुंकार दिला नाही. वर्षभर देऊन तरी काय झालं होतं. समोर डबीने नाव सांगितलं, पाण्याची ओळ दाखवली, आणि थांबली. ती थांबते हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. अगदी जराशी, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. मग पडदा कोरा झाला आणि पुन्हा नाव आलं, आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे सर म्हणाले, ‘तर काय झालं, त्या वर्षी मी...’

माझी पेंग उडाली. डबी बिघडलेली नव्हती. ती हुंकाराची वाट बघत होती.

चिपबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक मी काढलं. त्यातलं एक प्रकरण मी पहिल्या दिवशीच ओलांडून गेले होते, कारण आमच्या जुन्या चिपला तसलं काही नव्हतंच. ते वाचलं आणि सरांना हलवून जागं केलं. त्यांना सांगितलं की या चिपच्या पोटात एक वेगळं घड्याळ आहे. प्रोग्रामने थोड्या थोड्या वेळाने त्याला ‘मी आहे’ असं कळवायचं असतं. कळवलं नाही तर प्रोग्राम कुठेतरी अडकून पडला असं समजून ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आपण बंद करेपर्यंत ते चालूच असतं. इंग्रजीत त्याला राखणीचा कुत्रा म्हणतात.

सर उठून बसले. चष्मा शोधला. “कुत्रा कसला,” ते म्हणाले. “हा तर माझ्यासारखा आहे.”

मग मी दिव्याकडे बोट दाखवलं, आणि आम्हाला दोघांनाही एकदम कळलं आणि हसू आलं. दिव्याचा प्रोग्रामही सारखा पहिल्यापासूनच सुरू होत होता. पण लुकलुकणारा दिवा पहिल्यापासून सुरू झाला तरी लुकलुकतोच. ज्या दिव्यावर आम्ही इतकी वर्षं विश्वास ठेवून चहा प्यायलो, त्याने आम्हाला दीड-दोन महिने साफ फसवलं होतं.

मी म्हटलं, एक खूण बदलली की ते घड्याळ बंद होतं, आत्ता करते, पाच मिनिटांत डबी चालेल. दिवाळी तोंडावर आली होती.

“बंद करू नकोस,” सर म्हणाले. “शेतात वीज कडाडली आणि प्रोग्राम खरंच अडकला तर त्याला उठवायला कोण जाणार? राहू दे त्याला. तू हुंकार दे.”

मी म्हटलं बरं. चिपमध्ये नेमाने पडणारा एक ठोका असतो, त्याला हुंकार बांधून टाकते, म्हणजे आपोआप जात राहील. ते सर्वांत सोपं होतं. सरांनी मान हलवली. त्या दुपारी ते काकू गेल्यानंतर पहिल्यांदा पूर्ण जागे दिसत होते.

“तो झोपेतला हुंकार. माणूस ऐकत नसला तरी येत राहतो. तसला काय कामाचा? पाणी बघून झालं की ‘हं’. फेज बघून झाल्या की ‘हं’. काम झाल्याशिवाय नाही.”

आम्ही दोघं शेजारी बसलो आणि प्रोग्राममध्ये हुंकाराच्या जागा शोधल्या. सर बोट ठेवत आणि मी लिहीत असे. एका ठिकाणी मी घाईने एक जास्तीचा टाकला तर तो त्यांनी काढायला लावला. सावली टेबलावरून उतरून भिंतीवर गेली. मग चिप बसवली आणि वीज दिली.

वर्कशॉपचं नाव आलं. पाणी तपासलं. मी ओठ चावून बसले. फेज तपासल्या. आणि डबीतला पंप चालू करणारा रिले टक्कन वाजला. पंप चालू, अशी ओळ आली आणि ती तशीच राहिली. आम्ही कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे बघत होतो. सवयीने सरांची मान खिडकीच्या पडद्याकडे वळली, चहासाठी, आणि तिथेच थांबली.

मी उठले आणि आत गेले. दूध गॅसवर ठेवलं. आल्याचा तुकडा ठेचत होते तोच पडद्यापलीकडून आवाज आला. “तर काय झालं, त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्त करत होतो. हरसूलच्या वर एक पाडा होता.”

मी होते तिथूनच, पडद्याआडून, म्हटलं, “हं.”

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मला वाटलं आता पुन्हा पहिल्यापासून. पण सर पुढे गेले. वर्षभर माझा हुंकार त्यांना ऐकू आला नव्हता, तो चुकीच्या जागेवरून येत होता म्हणून. श्रावण आला, हं, बस आली, हं, डोक्यावर रेडिओ, धुकं, खडक, खरखर, हं, हं. आणि त्यांनी हाक मारली आणि धुक्यातून कुणीतरी ओ दिली. काकू इथेच उभ्या राहून गप्प राहत असतील, याच ओट्याशी. मी पुढे होऊन पडदा धरला आणि म्हटलं, “हं.”

मग उरलेली गोष्ट आली. सर हाक मारत आणि ओ येई. दोन पावलं टाकायची, हाक मारायची, ओ कुठून येते ते ऐकायचं, पुन्हा दोन पावलं. आवाज एकाच जागेवरून येत होता, त्यामुळे दिशा चुकली नाही. शेवटी धुक्यात काळंसं काही दिसलं. डोक्यावर इरलं घेतलेली एक मुलगी, पाड्यावरच्या बालवाडीची बाई. घरी निघाली होती, हाक ऐकून उभी राहिली होती. पावसाने पार गारठली होती. सरांनी विचारलं, कधीच्या उभ्या आहात? ती म्हणाली, “तुमच्या हाका थांबेनात, मग मी कशी हलणार?”

“एवढीच गोष्ट,” सर म्हणाले. “रेडिओ त्या दिवशी लागलाच नाही.”

दूध उतू गेलं होतं. मी ओटा पुसत राहिले आणि रडत राहिले, आणि बाहेर सर फोन फिरवत होते. मुलीला ते म्हणाले की चाललं, आता मी येत नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं ते राहिले. त्या हुंकारवाल्या डब्या आम्ही खूप बनवल्या. गोष्टी सांगायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. धुक्याची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग त्यांचे गुडघे गेले आणि डोळे मंदावले. टाका दिसेना, तेव्हा त्यांनी आपणहून वर्कशॉप माझ्या हवाली केलं आणि मुलीला फोन करून ये म्हणाले. या वेळी पैज वगैरे काही नव्हती. मुलगी गाडी घेऊन आली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं. सामान गाडीत गेलं. टेस्टर खिशाला होता. सर दारापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते आणि मुलगी किल्ली हातात घेऊन पायरीशी उभी होती. उन्हं चढायच्या आत घाट ओलांडायला हवा, असं ती दोनदा म्हणाली.

सर म्हणाले, “तर काय झालं, त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्त करत होतो.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी उंबऱ्याच्या आत सरकले आणि तिथून हुंकार देऊ लागले. सर सावकाश सांगत होते. हरसूल, हं. श्रावण, हं. धुकं उतरलं, पाय दिसेनात. शेवग्याची पानं अंगणात पडत होती. रेडिओ खरखरला. त्यांनी हाक मारली आणि धुक्यातून कुणीतरी ओ दिली.

मी गप्प राहिले. पुढे फार थोडी गोष्ट उरली होती. ती संपली की ते उठणार होते, आणि मला ते नको होतं.

सर थांबले. वाट बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं. त्यांना मी दिसले असेन असं नाही, पण ते हसले, पूर्वी पडद्याकडे बघून हसत तसे.

“देवळा झोपली वाटतं,” ते म्हणाले, आणि घसा खाकरून त्यांनी सुरू केलं, “तर काय झालं, त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्त करत होतो. हरसूलच्या वर एक पाडा होता.”

मुलीने हातातल्या किल्लीकडे बघितलं, मग बापाकडे. किल्ली पर्समध्ये टाकली, पायरीवर त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “हं.”